डावी बाजू ६३ अंश, उजवी ४०: एका ॲम्प्लिफायरच्या तापाचं प्रकरण

नागपुरात धंतोलीतल्या एका घरात एकाच लाकडी शेल्फवर तीन ॲम्प्लिफायर मांडलेले आहेत आणि तिघांच्या तापण्याच्या तऱ्हा तीन, कारण तिघांचा क्लास, म्हणजे आतले ट्रान्झिस्टर चालवायची पद्धत, वेगळा. वरच्या फळीवर घरमालकांनी स्वतः जुळवलेला क्लास-ए ॲम्प. सुरू करून तासभर झाला की त्याच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर, हात टिकत नाही. मधल्या फळीवर ऐंशीच्या दशकातला, भारतातच तयार झालेला क्लास-एबी इंटिग्रेटेड ॲम्प. तो वर्षानुवर्षं कोमट राहिलेला. खाली मुलानं पाठवलेला, पुस्तकाएवढ्या डबीतला क्लास-डी. तो किती का वाजेना, थंडगार. मालक निवृत्त गणित शिक्षक आहेत. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, मीही.

एप्रिलच्या शेवटी सरांनी बोलावलं ते मधल्या ॲम्पसाठी. "काऊन तापते रे हा एकाच बाजूनं? उजवीकडे हात ठेव, काही नाही. डावीकडे चटका बसते." आवाजात बिघाड? अजिबात नाही. उलट डावा स्पीकर जरा बराच वाटतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण ॲम्प तापतोय आणि तरी बरा वाजतोय या तक्रारीत बरीच माहिती दडलेली असते.

या तापाबद्दल घरात तीन मतं होती. सरांचं मत: वरचा क्लास-ए तरी कुठे थंड असतो? तो इतकी वर्षं बिनतक्रार चालतोय, मग यालाही चालू द्यावं. मुलाचं मत, पुण्याहून फोनवर: जुनी यंत्रं नुसती वीज जाळतात, खालचा थंड आहे, तोच वापरा. काकूंचं मत: कूलर उजवीकडच्या खिडकीत आहे, त्याचा वारा उजव्या बाजूला लागतो, मग डावी गरम राहणारच. तिघांत काकूंचं मत सर्वांत शास्त्रीय होतं, कारण ते तिथल्या तिथे तपासून बघता येत होतं. बाकी दोघं एका ॲम्पचा ताप दुसऱ्या ॲम्पशी ताडून बघत होते, आणि सगळा घोळ तिथेच होता. वेगवेगळ्या जातीच्या दोन ॲम्पचं तापमान शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. एकाच ॲम्पच्या दोन चॅनेलांचं, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचं, ठेवलं तर जवळजवळ सगळं कळतं, कारण दोन्हीकडे सर्किट तेच, हीटसिंक तीच, पेटी तीच, खोली तीच. तिथे २३ अंशांचा फरक पडला तर त्याला कारण असलंच पाहिजे.

मोजमाप

पहिली अडचण मोजण्यातच आली. सरांनी तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक ऑनलाइन मागवली होती. ती डाव्या हीटसिंकवर धरली की ३९ अंश दाखवायची आणि बोट लावलं की चटका. दोष बंदुकीचा नव्हता. या ॲम्पची हीटसिंक कोऱ्या, चकचकीत ॲल्युमिनियमची आहे. बंदूक पृष्ठभागातून बाहेर पडणारं उष्णतेचं प्रारण मोजते आणि चकचकीत ॲल्युमिनियम ते फारच कमी सोडतं. बंदुकीला त्यात समोरच्या भिंतीचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. वायरिंगची काळी टेप दोन बोटं कापून हीटसिंकवर चिकटवली, तिला हीटसिंकइतकी गरम होऊ दिली आणि बंदूक तिच्यावर धरली. आकडा ६३ आला. मल्टीमीटरला थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) लावून खात्री केली, तेच. उजवीकडे अशीच टेप लावून ४०. खोलीत ३३.

आता काकूंचा कूलर. पहिली मोजणी सकाळी, कूलर बंद ठेवून केलेली होती, म्हणजे ते मत तिथेच अर्धं बाद झालं. तरी ॲम्प उलटा फिरवून डावी बाजू खिडकीकडे केली आणि कूलर लावला. दोन्ही बाजू उतरल्या, डावी जास्त उतरली, पण १८ अंशांचा फरक उरलाच. मग स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदलल्या. तरी डावीच गरम. शेवटी दोन्ही स्पीकर काढून ठेवले, आवाज शून्यावर आणला आणि तासभर नुसता चालू ठेवला. ६३ आणि ४०. म्हणजे ताप गाण्याचा नव्हता, स्पीकरचा नव्हता. ॲम्प काहीही न करता डावीकडे तापत होता.

मध्येच एक गंमत झाली. ॲम्पवर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा, नेमका झाकणावरच्या झरोक्यांवर. मोजणीपुरता तो काढला होता. कुतूहल म्हणून पुन्हा घालून मोजलं. उजवी ४०वरून ४२वर गेली. डावी ६३वरून ७०वर. एकच रुमाल, एकच झाकण. एका बाजूला २ अंश, दुसऱ्या बाजूला ७. हे आकडे पुढे फार कामाला आले.

तिन्ही ॲम्पचा हिशेब

खोलण्याआधी सरांना तिघांचा हिशेब मांडून दाखवणं भाग होतं, नाहीतर "वरचा पण तापतोच" हे पालुपद संपलं नसतं.

वरचा क्लास-ए हा जॉन लिन्स्ली हूड यांनी एप्रिल १९६९च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दिलेल्या सर्किटवर बेतलेला आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी सप्लाय २७ व्होल्ट आणि आउटपुट ट्रान्झिस्टरांतून (स्पीकरला करंट पुरवणाऱ्या) कायम १.२ अँपिअर करंट. गुणाकार केला की चॅनेलमागे ३२.४ वॉट, दोन्हीचे मिळून ६५. एवढं जाळून जास्तीत जास्त आवाज मिळतो तो चॅनेलमागे १० वॉट. क्लास-एमध्ये ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत. गाणं असो, दोन गाण्यांमधली शांतता असो, करंट तोच, ताप तोच. किंबहुना पूर्ण आवाजावर तो किंचित थंड पडतो, कारण ३२ वॉटांतले १० वॉट तेव्हा स्पीकरकडे जातात आणि हीटसिंकच्या वाट्याला २२च उरतात. सरांच्या या ॲम्पची हीटसिंक जाडजूड, काळी, उभ्या पात्यांची आहे. वॉटमागे साधारण ०.७ अंश चढते. ३२.४ गुणिले ०.७ म्हणजे जवळपास २३. खोलीचे ३३ धरून ५६. टेप लावून मोजलं, ५६च भरले.

इथे सर थबकले. ज्याला ते सर्वांत तापट समजत होते तो ५६वर आणि "कोमट" मधल्याची डावी बाजू ६३वर. हाताला हा फरक कळत नाही, कारण पन्नाशी ओलांडली की धातू हाताला सगळा सारखाच असह्य लागतो. शिवाय तापमान म्हणजे जळणारे वॉट नव्हेत. वॉट किती आणि हीटसिंक वॉटमागे किती अंश चढते, या दोन गोष्टींच्या गुणाकारात खोलीचं तापमान मिळवलं की ते येतं. मधल्या ॲम्पच्या हीटसिंका छोट्या, वॉटमागे दीड अंश चढणाऱ्या. तिथे कमी वॉटांतही पारा वर जातो.

मधल्याची गोष्ट अशी. सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट, चॅनेलमागे २एन३०५५ आणि एमजे२९५५ अशी धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरांची जोडी. एक वरची अर्धी लाट हाताळतो, एक खालची. दोघांतून मुळीच करंट वाहू दिला नाही तर एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं जाताना मध्ये खाच पडते, हळू आवाजात तानपुरा खरखरीत लागतो. म्हणून दोघांना थोडं जागं ठेवतात, तो आयडल करंट. या ॲम्पला कारखान्यानं ठरवलेला करंट सुमारे ५० मिलिअँपिअर. ७० व्होल्ट गुणिले ०.०५ म्हणजे साडेतीन वॉट, हीटसिंकवर पाच-सव्वापाच अंश, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ऊब दोनेक अंश. ३३ अधिक ७ बरोबर ४०. उजवी बाजू या हिशेबाला अंशापर्यंत जुळली.

वाजायला लागला की हिशेब बदलतो, आणि लोकांना वाटतं त्या दिशेनं बदलत नाही. ८ ओहमवर फक्त १ वॉट आवाज काढायला हे सर्किट सप्लायकडून ११ वॉट ओढतं, म्हणजे १० वॉट हीटसिंकवर. एक वॉट म्हणजे दिवाणखान्यात बऱ्यापैकी मोठं गाणं. आवाज वाढवत नेला तर ताप वाढतो, पण तो शिखर गाठतो पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर. या सप्लायला तिथे ३१ वॉट स्पीकरकडे आणि ३१ वॉट हीटसिंकवर. त्याच्या पुढे गेलं की हीटसिंकचा वाटा पुन्हा उतरतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला, त्यात ताकद मोजण्याआधी ॲम्प एक तास एक-तृतीयांश ताकदीवर चालवायची अट होती. क्लास-बी धाटणीच्या ॲम्पला नेमका तोच भाग सर्वांत जड, त्यामुळे त्या काळच्या हीटसिंका गाण्याला लागतात त्याहून बऱ्याच मोठ्या असायच्या. २००० साली ती अट एक-अष्टमांशावर आणली. आपल्याकडच्या स्वस्त ॲम्पना अशी काही सक्ती नव्हती आणि हीटसिंकच्या आकारात ते दिसतं. स्पीकर ४ ओहमचा लावला, किंवा ८च्या दोन जोड्या समांतर लावल्या, तर वरचे वॉट दुप्पट. लग्नाच्या हॉलमध्ये हॉर्नमागून हॉर्न जोडत नेणाऱ्यांचे ॲम्प जातात ते यानं.

खालच्या क्लास-डीबद्दल थोडक्यात. त्यात टीपीए३११६ जातीची चिप आहे. तिचे आउटपुट एकतर पूर्ण चालू असतात नाहीतर पूर्ण बंद, आणि सेकंदाला चार लाख किंवा त्याहून अधिक वेळा हा खेळ चालतो. चालू असताना व्होल्टेज अंगावर नाही, बंद असताना करंट अंगावर नाही. दोन्हींचा गुणाकार नेहमीच लहान, म्हणून कार्यक्षमता नव्वदच्या घरात. रिकामा असताना तो एक-दीड वॉट खातो. तो थंड आहे म्हणून त्यात दम नाही, हे सरांचं मत चूक, आणि थंड आहे म्हणून तो चांगला, हे मुलाचं मतही तितकंच चूक. तापमानावरून तिथे फक्त एवढंच कळतं की तो क्लास-डी आहे.

डावी बाजू उघडल्यावर

आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या एमिटर नावाच्या पायाला ०.२२ ओहमचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर असतात. त्यांच्या दोन टोकांतले मिलिव्होल्ट मोजले की आयडल करंट कळतो. प्रोबचं टोक घसरलं तर ट्रान्झिस्टर जातो, म्हणून चालू ॲम्पमध्ये हाताने प्रोब धरायचे नाहीत. आधी बंद असताना छोटे चिमटे लावून घ्यायचे, मगच स्विच. उजवीकडे ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. डावीकडे ६० मिलिव्होल्ट, म्हणजे २७० मिलिअँपिअर, म्हणजे १९ वॉट. २८ अंश त्याचे, दोनेक ट्रान्सफॉर्मरचे, ३३ खोलीचे: ६३.

इथवर आलं की बहुतेक जण प्रीसेट (आयडल करंट ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवून ६०चे ११ करतात आणि झाकण लावतात. त्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी: थंड असताना काय होतं? ॲम्प रात्रभर बंद ठेवला, सकाळी चिमटे लावून चालू केला आणि वही घेऊन बसलो. सुरू होताना डावीकडे १२, उजवीकडे १०. पहिली पंधरा-वीस मिनिटं डावी बाजू मुंगीच्या पावलांनी चढली. मग वेग घेतला. तासाभरानं ६०. उजवी तोवर ११वर जाऊन गप्प बसलेली. म्हणजे प्रीसेट बरोबरच होता. तो चुकीचा असता तर करंट पहिल्या मिनिटापासून जास्त दिसला असता. थंड डावी बाजू निरोगी होती. ती गरम होत जाते तसा कोणी तिला आवरत नव्हता.

बाकीचे संशयित भराभर निकालात काढले. ऑसिलोस्कोपवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) आउटपुट स्वच्छ, ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत ते आपोआप वाजत नव्हतं. आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर काळा पडलेला नव्हता, जो तशा आजारात हमखास जळतो. आउटपुटवर डीसी १८ मिलिव्होल्ट, नगण्य.

आता आवरणारा कोण? सिलिकॉन ट्रान्झिस्टर एक अंश तापला की तेवढाच करंट वाहायला त्याला बेस आणि एमिटर या दोन पायांमध्ये सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. बेसवरचा व्होल्टेज तोच राहिला तर करंट वाढतो. करंट वाढला की ताप वाढतो, की पुन्हा करंट. हे मोडायला एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच स्क्रूनं आवळून बसवतात, या ॲम्पमध्ये बीडी१३९. हीटसिंक तापली की तोही तापतो आणि त्याच हिशेबात बेसवरचा व्होल्टेज खाली ओढतो. उजवीकडे तो घट्ट बसलेला होता. डावीकडे त्याचा स्क्रू दोन आटे सैल, स्प्रिंग वॉशर मुळातच नाही, आणि खालची, उष्णता पोचवणारी पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. मार्चमध्ये घराला रंग दिला तेव्हा ॲम्प दोनदा हलवला होता. चाळीस वर्षं तापून-निवून ढिला झालेला स्क्रू बहुधा तेव्हाच सुटला असावा. बीडी१३९ला आता हीटसिंकचा ताप कळत नव्हता, पेटीतल्या हवेची जेमतेम ऊब लागत होती. हीटसिंक ६३वर, आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्याला वाटतंय ४२.

मग वर जाऊन हे थांबलं कसं? फ्यूज का गेला नाही? हा प्रश्न सरांनी विचारला आणि हिशेबही निम्मा त्यांनीच केला. दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणून अंशामागे ४ मिलिव्होल्ट. ते पडतात दोन एमिटर रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरांचा स्वतःचा छोटा अंतर्गत रोध मिळून ०.६४ ओहमवर: ६.२ मिलिअँपिअर वाढ. गुणिले ७० व्होल्ट, ०.४४ वॉट. गुणिले हीटसिंकचे दीड अंश, ०.६६. थोडक्यात, पहिला एक अंश दुसरा दोन-तृतीयांश अंश आणतो, तो त्याच्या दोन-तृतीयांश, आणि असंच पुढे.

"भूमिती श्रेढी!" सर खुर्चीत ताठ झाले. गुणोत्तर दोन-तृतीयांश, बेरीज ३. खोली १ अंशानं तापली तर डावी हीटसिंक ३ अंशांनी तापणार. आणि रुमालाची मोजणी काय सांगत होती? उजवीकडे २, डावीकडे ७. तिपटीहून किंचित जास्त. हिशेब खरा तर जरा ढोबळ आहे. ट्रान्झिस्टरच्या आतली चिप हीटसिंकहून आणखी तापलेली असते, त्यानं गुणोत्तर वर सरकतं. सैल बीडी१३९ला मिळणारी थोडी ऊब ते खाली ओढते. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी काटत होते, असं रुमालावरून दिसतं.

सुरुवातीची मुंगीची चालही यातच बसते. करंट ५० मिलिअँपिअर असताना ट्रान्झिस्टरांचा अंतर्गत रोध एक ओहमहून जास्त असतो, म्हणून गुणोत्तर पंचवीस-तीस शतांशाच्या आसपास. करंट वाढत जातो तसा तो रोध घटतो आणि गुणोत्तर दोन-तृतीयांशाकडे चढतं. जितका जास्त तापेल तितका सहज तापेल, असा हा प्रकार.

श्रेढीची बेरीज होते ती गुणोत्तर एकाच्या आत असेपर्यंतच. हीटसिंकचा दीड अंश प्रतिवॉट हा आकडा मोकळ्या हवेतला. झरोक्यांवर रुमाल, मागे भिंत, पात्यांत धूळ असं सगळं जमून तो २.३ झाला की गुणोत्तर १ ओलांडतं. मग बेरीज नाही, फक्त चढण. शेवटी फ्यूज नाहीतर ट्रान्झिस्टर, आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ३५ व्होल्ट डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर. एप्रिलची ३३ अंशांची खोली आणि मे महिन्यात दुपारी वीज जाऊन-येऊन कूलर बंद पडलेली खोली यांत हे अंतर फार नव्हतं. तेव्हा "चालतोय तर चालू द्यावं" हा सल्ला याच ॲम्पपुरता महाग पडला असता. वरच्या क्लास-एला तोच सल्ला अगदी योग्य आहे.

दुरुस्ती

दुरुस्ती या सगळ्याच्या मानानं किरकोळ. बीडी१३९ सोडवून वाळलेली पेस्ट स्पिरिटनं पुसली. त्याच्याखालची, वीज अडवणारी अभ्रकाची चकती तडकलेली होती, नवी घातली. त्याच्या पाठीवरचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, त्यामुळे चकती न घालता स्क्रू आवळला तर वेगळीच दिवाळी होते. पेस्ट दोन्हीकडे पातळ, कागदाएवढी. जाड थापली की तीच अडथळा होते. स्प्रिंग वॉशर घालून स्क्रू आवळला आणि मल्टीमीटरनं हीटसिंकशी शॉर्ट नाही हे पाहिलं. आउटपुटच्या चारही ट्रान्झिस्टरांखालची पेस्ट त्याच फेरीत बदलली. जुने उघडे कार्बन प्रीसेट काढून दोन्हीकडे बंद मल्टिटर्न (अनेक फेऱ्यांत फिरणारे) बसवले. बसवताना त्यांची सरकती सुई तुटली तर करंट वाढण्याऐवजी कमी होईल अशाच बाजूनं जोडले. जुन्या बोर्डावर ते नेमके उलटे होते.

डाव्या हीटसिंकला खेटून सप्लायचा मोठा कंडेन्सर होता, ८५ अंशांपर्यंत चालणाऱ्या जातीचा. अशा कंडेन्सरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. त्याचं डोकं फुगलेलं नव्हतं, पण मोजल्यावर क्षमता उजव्याच्या बरीच खाली भरली. सीताबर्डीतून १०५ अंशांच्या जातीचे दोन आणून दोन्ही बदलले.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत करंटला लगाम म्हणून सिरीज बल्ब लावला, तो क्षणभर उजळून मंद झाला. मग बल्ब काढला, कारण तो असेपर्यंत सप्लाय कमी राहतो आणि मिलिव्होल्टांना अर्थ नसतो. थंडपणी दोन्हीकडे ११. तासाभरानं डावी १२, उजवी ११. दोन्ही हीटसिंका ४०च्या आसपास, अर्ध्या अंशाच्या फरकानं.

सरांचा २६चा आग्रह

इथे प्रकरण मिटायला हवं होतं, पण डावा स्पीकर बरा का वाटायचा हा प्रश्न सरांनी सोडला नाही. उत्तर अर्धं आहे. २७० मिलिअँपिअर आयडल असताना डावा चॅनेल साधारण १.२ वॉटपर्यंत शुद्ध क्लास-ए चालत होता. सर रात्री ऐकतात ते बहुतेक एका वॉटाच्या आत. म्हणजे तो बिघडलेला चॅनेल त्यांच्यासाठी खरोखरच क्लास-ए होता आणि उजवा ५० मिलिअँपिअरवर अगदी वॉटाच्या चार-शतांशानंतर सूत्रं बदलत होता. पण डावा स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातही आहे, आणि कोपरा खर्जाला भरणा देतो. यांतलं सरांच्या कानाला काय भावलं हे मी सांगणार नाही.

ह्युलेट-पॅकार्डचे बर्नार्ड ऑलिव्हर यांनी १९७१ साली दाखवलं होतं की अशा जोडीत प्रत्येक एमिटर रेझिस्टरवर सुमारे २६ मिलिव्होल्ट पडले की सूत्रं बदलताना खाच सर्वांत कमी पडते. त्याहून कमी असताना खाच, जास्त असताना क्लास-ए सोडतानाची पायरी. म्हणजे कारखान्याचे ११ मुळात कंजूष होते, हीटसिंक वाचवण्यासाठीच, आणि बिघडलेले ६० उधळे. सरांनी लगेच २६ची मागणी केली. हिशेब: ११८ मिलिअँपिअर, सव्वाआठ वॉट, हीटसिंकवर १२ अंश. कागदावर निरुपद्रवी. पण मे महिन्यात त्यांची खोली ३७-३८ला जाते, तिथून ५२, आणि वाजवताना त्यावर आणखी दहा वॉट प्रतिचॅनेल. या छोट्या हीटसिंकवर मला ते पटेना. सर म्हणाले, तू भित्रा आहेस. मी म्हटलं, कंडेन्सरचे पैसे तुम्हीच दिलेत.

१५वर तडजोड झाली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, खोली ३७ असताना आणि झाकणावर काही नसताना, डावी ४६, उजवी ४६. डिसेंबरात पारा बारावर उतरला की २६ करून ऐकायचं आणि मार्चअखेर परत १५वर आणायचं, असं सरांनी डायरीत तारखांसह लिहून ठेवलंय. प्रीसेट मल्टिटर्न घेतले ते बरं झालं, उघडे असते तर असं वर्षातून दोनदा फिरवून दोन-चार वर्षांत झिजले असते.